जुन्या पिकप गाडीचे तेल : ऐकीव सल्ला की लेखी आधार?

शेतमालाची वाहतूक आता बैलगाडीवर राहिलेली नाही, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. ‘टाटा एस’ ही लहान मालवाहू गाडी २००५ साली बाजारात आली व लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ असे नाव देऊन टाकले. आज बोलेरो पिकप, दोस्त इत्यादि गाड्या गावोगावी उभ्या दिसतात. नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांस नसते. सबब शहरातील व्यापाऱ्याने पाच-सात वर्षे राबवून काढून टाकलेली गाडी आमचा शेतकरी पतसंस्थेचे कर्ज काढून घेतो. यात काही गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. भाड्याच्या गाडीची वाट पाहता पाहता टोमॅटो शेतातच फुटून जाण्यापेक्षा स्वतःचे चाक दारात असलेले बरे.

परंतु गाडी दारात आली की त्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. ‘हिच्यात ऑइल कोणते टाकायचे?’ या प्रश्नास उत्तर देणाऱ्यांची गावात वाण नसते. शेजारी म्हणतो, जुनी गाडी आहे, घट्ट ऑइल टाका. गॅरेजचा मिस्त्री म्हणतो, मी सर्वांना हेच टाकतो. दुकानदार म्हणतो, हे घ्या, याच्यावर सवलत आहे. घरातील मुलगा मोबाईल पाहून म्हणतो, सर्वांत महाग तेच घ्या. या चारांतील एकानेही त्या गाडीचे कागद उघडून पाहिलेले नसतात. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, जुन्या गाडीस तेल निवडताना ऐकीव सल्ल्यास सोडून लेखी आधार धरावा. तो आधार तीन ठिकाणी लिहिलेला असतो : गाडीच्या पुस्तिकेत, गाडीच्या नोंदणीपत्रात व तेलाच्या डब्यावर. हे तिन्ही वाचता आले म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे आपल्या स्वतःच्या वहीत करावयाचे असते.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. यंत्रविद्येची आमची परीक्षा झालेली नाही. परंतु आयुष्य कागद वाचण्यात गेले, आणि एवढे मात्र ठाऊक झाले की तोंडी सांगितलेली वहिवाट व दप्तरी असलेली नोंद यांत वाद पडला, तर शहाण्याने नोंद पाहावी. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, आठ-अ पाहतो. जी गाडी त्या जमिनीच्याच उत्पन्नातून फेडावयाची, तिच्या बाबतीत मात्र आपण कागद बासनात बांधून ठेवतो व ज्याच्या त्याच्या तोंडाकडे पाहतो. हा न्याय आम्हास उमगत नाही.

प्रथम तेल करते काय, हे पाहू. तेल केवळ ओलावा देते असा साधारण समज आहे, तो अपुरा आहे. फिरणाऱ्या दांड्याच्या व त्याच्या बेअरिंगच्या मध्ये ते पातळ थर धरून राहते, त्यामुळे लोखंड लोखंडास घासत नाही. जेथे पाणी पोहोचत नाही तेथील उष्णता ते वाहून आणते. पिस्टनच्या रिंगांच्या फटी ते भरून काढते. डिझेल जळून जी काजळी होते ती ते आपल्या अंगी धरून ठेवते व जी आम्ले तयार होतात त्यांस मारते. गाडीस टर्बो असेल, तर मिनिटास लाखावर फेरे घेणारी त्याची कांब याच तेलाच्या थरावर तरंगत असते. एवढी कामे एका पदार्थाकडून करून घ्यावयाची म्हणजे तो पदार्थ त्या इंजिनाच्या मापाचाच असला पाहिजे, हे उघड आहे.

आता डब्यावर काय लिहिले असते ते पाहू. इंग्रजी फारसे न येणाऱ्यासही ही चार अक्षरे ओळखता येतील. पहिली खूण ‘एसएई’ या अक्षरांपुढे असते. ही अमेरिकेतील मोटार अभियंत्यांची संस्था १९०५ साली स्थापन झाली आणि तेलाच्या घट्टपणाचे तिने ठरविलेले अंक आज जगभर चालतात. डब्यावर ‘१५ डब्ल्यू – ४०’ असे असेल, तर त्यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे आहे. पहिला अंक थंड इंजिनात तेल किती सहज हलते ते सांगतो. हा अंक जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक चपळ. दुसरा अंक इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांवर, तेल किती दाट राहते ते सांगतो. ४० अंकाच्या तेलाचा घट्टपणा या तपमानावर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावा लागतो. ३० अंकाचे त्याहून पातळ, ५० अंकाचे त्याहून दाट.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १५ हा अंक तपमानाचा अंश नव्हे. १५ डब्ल्यू तेलाची इंजिन फिरण्याची परीक्षा उणे २० अंशांवर होते व २० डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. आपल्याकडे निफाडास कडाक्याच्या थंडीत पारा कधी कधी एक-दोन अंशांपर्यंत उतरतो, पण उणे १५ अंशांच्या जवळपास जाण्याचा प्रसंग नाही. तस्मात, केवळ थंडीच्या भयाने ५ डब्ल्यूचे तेल घेण्याचे आपणास कारण नाही. मात्र पुस्तिकेतच ते सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. नव्या इंजिनांच्या फटी व तेलनळ्या त्या मापाने केलेल्या असतात, आणि तेथे आपले शहाणपण चालवू नये.

दुसरी खूण ‘एपीआय’ या अक्षरांपुढे असते. अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेने तेलाच्या गुणांचे वर्ग पाडले आहेत. एस या अक्षराने आरंभ होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांचे व सी या अक्षराने आरंभ होणारे डिझेल इंजिनांचे. सीएनजीवर चालणारी लहान मालगाडी ही मुळात पेट्रोलच्या जातीची, हेही ध्यानात ठेवावे. डिझेलच्या वर्गांत सीएच – ४ हा १९९८ चा, सीआय – ४ हा २००२ चा, सीजे – ४ हा २००६ चा, आणि सीके – ४ हा २०१६ च्या अखेरचा. सीएफ व सीएफ – ४ हे त्याहून जुने वर्ग त्या संस्थेनेच कालबाह्य ठरविले आहेत. स्वस्त डब्यावर ही जुनी अक्षरे दिसली, तर स्वस्ताईचे कारण तेथेच लिहिले आहे असे समजावे. साधारण नियम असा की, पुढचा वर्ग मागच्या वर्गाचे काम करू शकतो. मागचा वर्ग पुढच्याचे करू शकत नाही. या नियमास एक अपवाद आहे. सीके – ४ बरोबरच एफए – ४ हा पातळ तेलाचा वर्ग निघाला, तो जुन्या इंजिनांसाठी नाही. डब्यावर ही अक्षरे दिसल्यास तो आपल्या कामाचा नाही असे समजून परत ठेवावा.

डब्यावरील अक्षरे कळली म्हणजे नोंदणीपत्र काढावे. त्यावर गाडी कोणत्या महिन्यात व साली तयार झाली ते असते, आणि ती कोणत्या धूरमानकाची आहे ही नोंदही पाहावयास मिळते. ही नोंद आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. भारत स्टेज ४ हे मानक १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले व भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून. स्टेज ६ चे डिझेल इंजिन बहुधा धुराड्यात एक गाळणी घेऊन येते. ती काजळी अडविते व ठरावीक वेळाने तापून ती जाळून टाकते. परंतु तेलात मिसळलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त इत्यादि धातूंची राख जळत नाही, ती गाळणीत साचत जाते. म्हणून अशा गाडीस कमी राखेचे तेल लागते. सीजे – ४ व सीके – ४ या वर्गांत राखेस शेकडा १ ही कमाल मर्यादा घातलेली आहे. काही गाड्यांच्या पुस्तिकेत याहूनही कमी राखेचे, युरोपीय वर्गातील तेल सांगितलेले असते. तेथे गावच्या दुकानातील सवलतीचे तेल घातले, तर गाडी लागलीच बंद पडत नाही, आणि फसवणूक नेमकी येथेच होते. महिने जातात, गाळणी कोंदत जाते, गाडीचा जोर उतरतो, डिझेल अधिक लागते, आणि अखेरीस गाळणीच्या खर्चाचा जो आकडा समोर येतो, त्यापुढे तेलात वाचविलेले पैसे चिंचोक्यासारखे भासतात.

याच्या उलट, २००८ सालची साधी, टर्बो नसलेली गाडी असेल, तर तिला अत्यंत महाग कृत्रिम तेल पाजण्याने ती तरुण होणार नाही. पुस्तिकेत सांगितलेल्या घट्टपणाचे, सीएच – ४ किंवा सीआय – ४ वर्गाचे साधे खनिज तेल वेळेवर बदलीत राहिल्यास तिचे भागते. ‘महाग ते चांगले’ हा समज ‘घट्ट ते चांगले’ या समजाचा सख्खा भाऊ आहे. दोहोंतही गाडीचा विचार नाही.

आता त्या घट्ट तेलाविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. जुन्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या, निळसर धूर येऊ लागला, तेल उडू लागले, की त्यावर ५० अंकाचे तेल घालावे अशी शिफारस होते. धूर काही दिवस कमी होतो, खडखड दबते, आणि सल्ला देणाऱ्याची कीर्ती वाढते. परंतु झिजलेली रिंग तेलाने भरून येत नाही. दाट तेल सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत वरच्या कॅमपर्यंत व टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते, आणि इंजिनाची पुष्कळ झीज याच कोरड्या क्षणांत होते. ते ढवळण्यास जोर लागतो, तो जोर डिझेलमधून येतो. म्हणजे रोग कायम, वर त्यास पडदा, आणि पडद्याचे भाडे रोज चुकते करावयाचे, असा हा व्यवहार आहे. गाडी विकणारा काही वेळा हाच पडदा लावून गाडी विकतो, हे घेणाऱ्याने ओळखून असावे. म्हणून जुनी गाडी पाहावयास जाताना तिचे इंजिन थंड असतानाच पाहावे, पूर्वी सुरू करून ठेवू देऊ नये, आणि तेलाची पट्टी बोटावर घेऊन पाहावी.

मात्र न्याय दोन्ही बाजूंस दिला पाहिजे. पुष्कळ पुस्तिकांत तपमानाप्रमाणे तेलाचे कोष्टक दिलेले असते व त्यात एकाहून अधिक घट्टपणास मुभा असते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो, रत्नागिरीकडून आंबा भरलेली गाडी आंबा घाट चढून कोल्हापुराकडे येते. अशा ठिकाणी, कोष्टकात मुभा असेल, तर त्या मर्यादेतील दाट तेल घेण्यास आमची हरकत नाही. आमची हरकत कोष्टकाबाहेर जाण्यास आहे.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही मिस्त्रीचा अनुभव कवडीमोल ठरविता. तसे मुळीच नाही. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता बेअरिंग बोलतो ते सांगणारा मिस्त्री आम्ही पाहिला आहे, आणि त्याच्या कानास आम्ही मान देतो. रोग ओळखणे हे त्याचेच काम. परंतु त्याच्या गॅरेजात एकच पिंप उघडे असते, आणि ट्रॅक्टर, पंपाचे इंजिन, जीप, पिकप अशा साऱ्यांस तो त्यातूनच वाढतो. यात त्याचाही सर्वस्वी दोष नाही. चार प्रकारची तेले ठेवण्याइतके भांडवल त्याजपाशी नसते. दोष आपला की, आपण त्यास ‘अमुक वर्गाचे घाल’ असे कधी सांगत नाही.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक घोटाळा संभवतो. त्याजकडे ट्रॅक्टरचे तेल असतेच. ट्रॅक्टरच्या गिअरपेटीत व हायड्रॉलिकमध्ये जे तेल पडते ते इंजिनाचे नव्हे. ते पिकपच्या इंजिनात कदापि घालू नये. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे तेल असले, तरी त्याचा वर्ग पिकपच्या पुस्तिकेशी जुळतो काय, हे डब्यावर पाहूनच ठरवावे. मोटारसायकलच्या तेलासही हेच लागू. गिअर ऑइलच्या डब्यावर ९० हा अंक पाहून ते ४० अंकी तेलाच्या दुपटीहून दाट असेल असे वाटते, तेही खरे नाही. गिअर तेलाचे अंक निराळ्या मापाचे आहेत. ९० अंकी गिअर तेल १०० अंशांवर मोजले, तर इंजिनाच्या ४० किंवा ५० अंकी तेलाच्या आसपासच भरते. परंतु त्यातील औषधे दातांच्या चक्रांसाठी असतात, इंजिनासाठी नसतात. माप निराळे, काम निराळे. अदलाबदल करू नये.

गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम म्हणजे पूर्वीच्या मालकाने ‘कालच ऑइल बदलले’ असे शपथेवर सांगितले तरी तेल व तेलगाळणी दोन्ही बदलणे. जुनी गाळणी तशीच ठेवणे म्हणजे धुतलेल्या घागरीत शिळे पाणी राखून ठेवणे होय. इंजिन कोमट असता तेल काढावे, म्हणजे ते नीट निथळते. काही ठिकाणी रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन ‘धुण्याची’ चाल आहे, ती सोडावी. त्यातील काही भाग आत राहून नवे तेल पातळ करतो. आत गाळ फार निघाला, तर पहिले तेल लवकर, हजार-दोन हजार किलोमीटरवर, पुन्हा बदलावे. चांगल्या तेलातील औषधे गाळ हळूहळू सोडवून आणतात.

पुढे तेलाची पाहणी करीत जावे. ती आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी करावी. येथे रंगाने फसू नये. डिझेल इंजिनातील तेल थोड्याच दिवसांत काळे होते. त्याने काजळी आपल्या अंगावर घेतली, एवढाच त्याचा अर्थ. काळे झाले म्हणून ते निकामी झाले असे नव्हे. परंतु तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी गेले आहे, बहुधा हेडची गॅसकेट गेली आहे. गाडी तेथेच थांबवावी. पट्टीवरील पातळी वाढलेली दिसली, तर आनंद मानू नये. तेल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल उतरत आहे. स्टेज ६ च्या गाडीत गाळणी जाळण्याचे काम वारंवार अर्धवट राहिल्यास असे घडते. पातळी उतरत असेल, तर किती किलोमीटरला किती तेल घालावे लागले याची नोंद ठेवावी. वाटेत तेल कमी पडले व आपल्या छापाचे मिळाले नाही, तर त्याच घट्टपणाचे व त्याच वर्गाचे दुसऱ्या छापाचे तेल घालण्यास भय नाही. कमी तेलावर गाडी हाकणे हे त्याहून फार वाईट.

तेल केव्हा बदलावे? पुस्तिकेत जो आकडा असतो तो बहुधा बऱ्या रस्त्यावरील साध्या वापराचा असतो, आणि कठीण वापरासाठी त्याहून कमी आकडा दिलेला असतो. आपला वापर कठीण या सदरातच पडतो. पाणंद रस्त्याची धूळ, भरपूर ओझे, शेत ते बाजार असे आखूड फेरे, घाटातील चढ, यांत काहीच वगळलेले नाही. सबब लहान आकडा तोच आपला आकडा समजावा. जुन्या गाडीत एक अडचण येते, ती ही की किलोमीटरचे घड्याळ बंद असते किंवा मागे फिरविलेले असते. त्यावर आमची कारकुनी युक्ती अशी. डिझेलच्या पावत्या जपून ठेवाव्या. गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते असे धरले, तर ६०० लिटर डिझेल जळाले म्हणजे ७,२०० किलोमीटर झाले. घड्याळ खोटे बोलेल, पावती सहसा बोलत नाही. कमी फेरे झाले तरी वर्षातून एकदा तेल बदलावेच.

यासाठी प्रत्येकाने गाडीची एक वही ठेवावी. तिचे रकाने पुढीलप्रमाणे असावेत : तारीख, घड्याळाचा आकडा किंवा एकूण डिझेल, तेलाचा घट्टपणा, तेलाचा वर्ग, छाप, लिटर, गाळणी बदलली की नाही, दुकानाच्या पावतीचा क्रमांक, शेरा. गावनमुन्यांहून ही वही कितीतरी सोपी आहे. हिचा पहिला उपयोग स्वतःस होतो, आणि दुसरा गाडी विकताना होतो. ज्या गाडीबरोबर पाच वर्षांची वही आहे, तिच्या बोलीत घेणारा फारशी घासाघीस करीत नाही.

आता खर्चाचे पाहू. समजा गाडीस सहा लिटर तेल लागते, व योग्य तेल लिटरमागे १०० रुपयांनी महाग आहे. एका वेळेस ६०० रुपये अधिक गेले. वर्षात दोन वेळा बदलले तर १,२०० रुपये. उलट पक्षी, इंजिन खोलून रिंगा, बेअरिंग, टर्बो यांचे काम निघाले, तर खर्च हजारांत नव्हे, दशसहस्रांत मोजावा लागतो. आणि तो निघतो केव्हा? गाडी रिकामी उभी असताना नव्हे, तर मालाने भरून रात्री बाजाराच्या वाटेवर असताना. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोहोचवावयाचा, किंवा वाशीस पहाटेच्या लिलावात भाजी उतरवावयाची, आणि गाडी वाटेत धूर सोडून उभी, म्हणजे दुरुस्तीचा खर्च निराळा, मालाचे नुकसान निराळे, आणि पतसंस्थेचा हप्ता तर कोणासाठी थांबत नाही. १,२०० रुपयांची ही काटकसर नव्हे, ही एक पैज आहे, आणि शेतकऱ्याच्या वाट्यास निसर्गाशी लावलेल्या पैजा आधीच पुष्कळ आहेत.

बनावट तेलाचा उपद्रवही दुर्लक्षिण्याजोगा नाही. चांगल्या छापाचे रिकामे डबे भंगारात जातात व भलत्याच तेलाने भरून परत येतात. यावर दोन उपाय प्रत्येकाच्या हाती आहेत. तेल घेताना डब्याचे सील, तयार केल्याचा महिना व साल, निव्वळ माप, कमाल किंमत व उत्पादकाचा पत्ता पाहून पक्की पावती घ्यावी. या गोष्टी बंद मालावर छापणे २०११ च्या नियमांन्वये बंधनकारकच आहे. आणि रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्यास मोठे भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या गळ्यात पडणार नाही.

राहिले काढलेले, जळके तेल. ते बांधावर, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतण्याची चाल आहे. कोणी ते वाळवीवर किंवा खांबांस लावतात. घोटाघोटाने झिजलेले धातू व जळण्याने झालेली विषे त्यात असतात; ते जमिनीत मुरले की पाण्यात उतरते, आणि ते पाणी आपणच पितो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाची गणना केलेली आहे व ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावे असा संकेत आहे. एकट्या शेतकऱ्याचे पाच लिटर कोण नेणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हे काम एकट्याचे नव्हे.

आमची आपल्या संघास या निमित्ताने तीन कामांची सूचना आहे. पहिले, सभासदांजवळील गाड्यांची यादी करून, नोंदणीपत्र व पुस्तिका पाहून, कोणत्या गाडीस कोणते तेल याचे एक मराठी कोष्टक भांडाराच्या भिंतीवर लावावे. पुस्तिका हरवलेल्या गाडीची माहिती चासी क्रमांक देऊन त्या कंपनीच्या सेवाकेंद्रातून मागवावी. दुसरे, बियाणे व खते जशी एकत्र खरेदी होतात, तशी या कोष्टकात येणारी तीन-चार तेले सीलबंद डब्यांत थेट उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडून आणून ठेवावी. एकगठ्ठा खरेदीने भाव उतरेल व बनावटीचे भय जाईल. गावच्या मिस्त्रीसही ती त्याच भावात द्यावी, म्हणजे त्याच्या एका पिंपाची अडचण दूर होईल व तो आपला विरोधक न राहता सहकारी होईल. तिसरे, भांडाराच्या मागे झाकणाचे एक पिंप ठेवून जळके तेल तेथे जमा करावे व पिंप भरले की नोंदणीकृत माणसास पावती घेऊन द्यावे.

यांपैकी पहिल्या कामास भांडवल लागत नाही. एक कागद, एक लेखणी व दोन दुपारी पुरेत. तेवढे झाले तरी पुष्कळ होईल. भिंतीवरील कोष्टक पाहून सभासद दुकानात जाईल तेव्हा ‘कोणते ऑइल देता?’ असे तो विचारणार नाही, ‘अमुक घट्टपणाचे, अमुक वर्गाचे, सीलबंद द्या, पावती द्या’ असे सांगेल. या विषयावर संघाच्या पुढील बैठकीत विचार व्हावा, आणि सभासदांनी येताना आपापल्या गाडीचे नोंदणीपत्र बरोबर आणावे, अशी आमची विनंती आहे. यादी लिहून काढण्याचे काम आम्ही आनंदाने करू.